लास्मिनीची मेल

लाल पट्टी आली तेव्हा वार्सितोचं बोट अजून माउसवरच होतं. 'ही फाइल कंपनीबाहेर पाठवता येणार नाही. आपलं नाव आणि वेळ नोंदवली आहे.' त्याने ते दोनदा वाचलं. मग घाईघाईने मेल बंद केली, आणि बंद केल्यावर त्याला वाटलं, आता तर आपण आणखीच चोरासारखे दिसलो.

सोमवार होता. नऊला सगळ्यांना जेवणघरात बोलावलं होतं. कशाला, ते त्याला आता कळलं.

जेवणघरात जकार्ताच्या मुख्य कचेरीतून आलेले पाक हलोमोआन उभे होते; मोठ्या माणसाला तिथे मानाने पाक म्हणतात. सुमात्रातला बाताक माणूस, रुंद खांद्याचा. बाताक माणसाचा आवाज मुळातच चढा, त्यात राग असेलच असं नाही; पण जावातला माणूस तेवढ्यानेही खाली बघायला लागतो.

"आजपासून कुणाच्याही खासगी मेलवर कंपनीचा एकही कागद जाणार नाही," ते म्हणाले. "मशीनच अडवेल. हे झालं पुढचं. मागचंही आमच्याकडे आहे. वर्षभरात कुणी काय कुठे पाठवलं, त्याची यादी छापून आणलीये मी. गुरुवारी एकेकाला बोलावीन. ज्या मेलमध्ये आपले कागद निघतील, ती माझ्यासमोर उघडायची आणि माझ्यासमोर पुसायची. सगळी. नक्कल कुठे ठेवली असेल तर तीही."

त्यांनी छापलेली यादी वर धरली.

"सेमारांगच्या त्या कंपनीनं आपला पाणबुडी पंप आपल्या आधी बाजारात आणला. तो काही वाऱ्यावर उडत गेला नाही."

वार्सितोच्या शेजारी भांडारातला मुजियो उभा होता. दोघं एकाच वर्षी लागलेले. मुजियो तोंड न हलवता पुटपुटला, "मला काय भीती? माझा पासवर्ड मलाच माहीत नाही. चोराला कुठून सापडणार?"

वार्सितो हसला नाही. त्याने हात पाठीमागे धरले.

सुंबर वेनिंग पंप कारखान्यात त्याचं काम पत्रकं लिहिण्याचं. कुठला पंप कसा जोडायचा, कुठला नट आधी, कुठलं रबर नंतर, पंप बोअरमध्ये कसा सोडायचा आणि वर कसा काढायचा. तो मूळचा ड्राफ्ट्समन. रेघ त्याची सरळ, पण वाक्य वाकडं. पहिली दोन वर्षं फिटर लोक त्याची पत्रकं हातात धरून हसायचे. मग एक दिवस त्याने एक पत्रक घरी नेलं. बायकोने जेवताना ते वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

"हे कुणासाठी लिहिलंय?"

"फिटरसाठी."

"मग एवढं अवघडून का बसलाय तुम्ही कागदावर? पाहुणे आल्यासारखे?"

लास्मिनी तिसरीच्या वर्गाची बाई होती. तिने पेन्सिल घेतली. त्या दिवसापासून प्रत्येक पत्रक तिच्या हाताखालून गेलं. आधी कागदावर, मग पेन ड्राइव्हवर. कारखान्याने पेन ड्राइव्ह बंद केल्यावर मेलवर. सकाळी तो पाठवायचा. ती शाळेतून आली की बघायची, पुढे निवृत्त झाल्यावर तर लगेच. दुपारी बारा-सव्वाबाराला उत्तर यायचं. वर दुरुस्त्या, खाली घरचं. 'पान तीन. वॉशर आधी की नट आधी? तुम्ही दोन्ही आधी लिहिलंय. येताना सोयाबीनचं तेंपे आणा, पानात बांधलेलं, प्लास्टिकमधलं नको.' 'हे वाक्य चांगलं झालंय, हात लावला नाही. मांजरीने आज तीन पिल्लं घातली, तुमच्या सारोंगवर. रागावू नका.'

अशी अकरा वर्षं. सात महिन्यांपूर्वी ती गेली. दहा दिवस दवाखान्यात होती, आणि मग गेली.

तो पाठवतच राहिला. वेड लागलं होतं म्हणून नाही. पाठवल्याशिवाय त्याला चुका दिसत नसत. सकाळी पाठवायचं, बारा दहाला तिच्या नावाने तिची मेल उघडायची आणि ती वाचायची तसं वाचायचं. मग दिसायचं, इथे आपण अवघडून बसलोय. कारखान्याच्या मेलमधलं जुनं आपोआप पुसलं जायचं, म्हणून काम झालं की तो तिच्याच मेलमध्ये तिचं एखादं जुनं उत्तर वाचायचा. एकच. मग डबा उघडायचा.

आता ती मेल गुरुवारी पुसली जाणार होती.

त्या दुपारी बारा दहाला तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. डबा तसाच परत गेला.

मंगळवारी मोटरसायकली लावायच्या शेडमध्ये म्बाक तितिस, म्हणजे तितिसताई, त्याची वाट बघत होती. कारखान्याचे संगणक सांभाळणारी मुलगी, तिशीच्या आतली, त्याच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"पाक, मी सांगितलं म्हणून सांगू नका. यादीत तुमचं नाव सगळ्यात वर आहे."

त्याच्या हातातली किल्ली खाली पडली. दोघं एकदम वाकले. तिनेच ती उचलून दिली.

"किती?" त्याने विचारलं.

"दोनशे एकतीस फायली. वर्षभरातल्या. सगळ्या एकाच मेलवर. आणि पाक, त्या मेलचं नाव... लास्मिनी सुंबर वेनिंग. जकार्तावाल्यांना वाटतंय, कुणीतरी कंपनीच्या नावाची खोटी मेल काढलीये. आतल्या माणसाला हाताशी धरून. पाक हलोमोआन कुणालातरी फोनवर सांगत होते, पोलिसांना कळवायचं का ते गुरुवारनंतर ठरवू."

"ती माझ्या बायकोची आहे."

"ते मला माहीत आहे हो. तिसरीत होते मी त्यांच्या वर्गात." तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला, पुन्हा काढला. "पण कंपनीचं नाव का घातलं त्यांनी?"

का घातलं? तो दिवस वार्सितोला लख्ख आठवत होता. मेल काढायला बसले तर फॉर्म दोन नावं मागत होता, एक स्वतःचं, एक घराण्याचं. लास्मिनीला एकच नाव. त्यालाही एकच. आईबापांनी दुसरं ठेवलंच नव्हतं. गावात कुणाचंच नव्हतं. रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नव्हता. मुजियोने आपलं नाव दोनदा लिहून काम भागवलं होतं. लास्मिनी म्हणाली, "लास्मिनी लास्मिनी? हजेरी घेतेय का मी स्वतःची?" मग तिने विचार केला. ही मेल फक्त नवऱ्याच्या कारखान्याच्या कामाची. म्हणून दुसऱ्या रकान्यात तिने कारखान्याचं नाव घातलं. वर म्हणाली, "बघा, पगार न घेता नोकरीला लागले."

त्या वेळी दोघं हसले होते. आज तेच नाव पोलिसांना दाखवायच्या यादीत होतं.

बुधवारी त्याला काम सुचेना. फाटकावर पहारेकरी कुणाशी मोठ्याने बोलला तरी त्याची मान तिकडे वळायची. एकदा पांढरी गाडी आत आली तर तो उठून संडासात जाऊन उभा राहिला. गाडी बेअरिंग पुरवणाऱ्याची निघाली.

जेवणाच्या सुट्टीत मुजियोने त्याला भांडाराच्या मागे नेलं आणि एक सिगारेट पुढे केली. वार्सितोने ती घेतली, पेटवली नाही.

"पुसून टाक," मुजियो म्हणाला.

"काय?"

"मेल. आज घरी जा आणि पुसून टाक. भांडंच नाही तर झाकण काय उघडणार? विचारलं तर म्हण, बायको गेली, तिच्याबरोबर मेलही गेली. बाताक झाला तरी माणूसच आहे, मेलेल्या बाईच्या मागे किती धावेल?"

"यादी आहे त्यांच्याकडे."

"यादी असू दे. यादीत नावं असतात, आत काय होतं ते नसतं. सितो, ऐक माझं. गेंपोलच्या साच्यांच्या कारखान्यात एकाला नेलंच ना? दोन पोलीस, आणि मागून त्याची बायको चपला हातात घेऊन पळतेय. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुझे. चौदा महिने माणूस एका पायावर उभा राहून काढेल."

"मला एका पायावर उभं राहता येत नाही," वार्सितो म्हणाला. "गुडघा धरतो."

मुजियो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. घाबरला तोही होता.

मुलगी एंदाह बोर्निओत बालिकपापानला दिलेली. संध्याकाळी तिचा फोन आला. त्याने सगळं सांगितलं. ती लगेच रडायला लागली, मग लगेच थांबली. आईचाच स्वभाव.

"बाबा, आत्ता पुसा. मला पासवर्ड सांगा, मी इथून पुसते. तुम्हाला बघायलाही नको."

"तिची पत्रं आहेत त्यात."

"फोटो काढून ठेवा ना मोबाइलवर."

"ते विचारणार, नक्कल ठेवलीय का. मग मी काय सांगू?"

"नाही म्हणा."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. एंदाहलाही कळलं. बापाला खोटं बोलता येत नव्हतं. लहानपणी ईदचे नवे कपडे कुठे लपवलेत ते तिला त्याच्या तोंडावरून कळायचं.

मावळतीची मगरिबची नमाज पढून तो लास्मिनीच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसला. मेल उघडली. पुसायचं बटण कुठे आहे ते त्याला माहीत होतं. त्याने बोट तिथे नेलं. आता दाबलं तर उद्या दाखवायला काहीच नाही. पोलीस नाही, पेन्शन सुरक्षित. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

समोर एक उत्तर उघडं होतं. 'पान एक. 'सदर उपकरणाची स्थापना' म्हणजे काय? पंप बसवा असं लिहा. घाबरता कशाला साधं लिहायला? कुणी मारणार आहे का?'

त्याने लॅपटॉप मिटला. या बाईने जन्मात एक कागद लपवला नव्हता. शाळेतला खडूचा तुकडा पिशवीत चुकून घरी आला तरी दुसऱ्या दिवशी परत न्यायची. तिची मेल चोरासारखी पुसायची म्हणजे तिला चोर ठरवायचं. उद्या पुसायला लावली तर लावली. पण आधी ते लोक बघतील, आत काय होतं.

असं ठरवल्यावर भीती जाईल असं त्याला वाटलं होतं. ती गेली नाही.

गुरुवारी दहा वाजता त्याला बोलावलं. छोटी खोली, पंखा, टेबलावर यादी. एका बाजूला पाक हलोमोआन, दुसऱ्या बाजूला संगणकापुढे तितिस. वार्सितोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाठीला तो आताच चिकटला होता.

"बसा. लास्मिनी सुंबर वेनिंग कोण?"

"माझी बायको, पाक."

"कंपनीचं नाव का लावलं?"

वार्सितोने सांगितलं. फॉर्म, दोन रकाने, एकच नाव. सांगताना त्याला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. हलोमोआन ऐकत होते आणि त्यांच्या भुवया वर चढत होत्या.

"पाक वार्सितो, आमच्यात पोराला बोलता यायला लागलं की आधी कूळ पाठ करून घेतात. सात पिढ्या म्हणून दाखवतं ते. आणि तुम्ही म्हणताय, नाव नव्हतं म्हणून पंपाच्या कारखान्याचं लावलं?"

"हो, पाक."

"मलाही एकच नाव आहे, पाक," तितिस हळूच म्हणाली. "मी बापाचं गाव लिहिलंय."

हलोमोआननी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा यादीकडे. "बरं. बोलवा बायकोला."

वार्सितोने टेबलाच्या कडेला अंगठा घट्ट दाबून धरला.

"त्या वारल्या, पाक," तितिस म्हणाली. "सात महिने झाले."

हलोमोआननी यादी बोटाने खाली सरकवली आणि त्यांचा आवाज, चढा होता तो, एकदम खाली आला. तो आणखी भीतीदायक होता.

"सात महिने. आणि ही मेल गेल्या शुक्रवारी बारा दहाला उघडली गेलीये. रोज उघडली जाते. मेलेली बाई उघडते?"

"मी उघडतो, पाक. इथूनच. माझ्या टेबलावरून."

"कशाला?"

"वाचायला," वार्सितो म्हणाला. पुढे काही सुचलं नाही. "आपण बघा, पाक. मी उघडून देतो."

त्याने पासवर्ड घातला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मेल उघडली. तितिसने एकेक उघडायला सुरुवात केली. हलोमोआन चष्मा लावून पुढे वाकले. नट, वॉशर, तेंपे. रबराचं कडं, मांजरीची पिल्लं. 'पान चार तपासलं. गुडघ्याला तेल लावलंत का? खोटं सांगू नका.' ते बराच वेळ वाचत होते. एकदा त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला.

"दुसरं कुणाला काही गेलंय इथून?"

"एकालाच गेलंय, पाक," तितिस म्हणाली. "अकरा वर्षं. यांनाच."

हलोमोआननी चष्मा काढला. "चोरी नाही. हे मी लिहीन. एक ताकीद मिळेल लेखी, नोकरी राहील." त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "पण प्रत्येक मेलला आपली फाइल जोडलेली आहे. सेमारांगवाल्याला एवढी एकच मेल सापडली तर आपले सगळे पंप त्याच्या हातात. त्यात तुमची चूक नसली तरी. कळतंय ना?"

"कळतंय, पाक."

"सगळं पुसावं लागेल."

तितिस म्हणाली, "पाक, नुसता मजकूर ठेवला तर? फायली काढून—"

"मजकुरातच पंप आहे, म्बाक. ओळीओळीत आहे." ते खरंच होतं. वार्सितोने मान हलवली. अकरा वर्षांत तिने घर आणि पंप कधी वेगळे लिहिले नव्हते.

तितिसने सगळ्या मेल निवडल्या. पडदा निळा झाला. तिचा हात माउसवर थांबला.

"मी करतो," वार्सितो म्हणाला.

त्याने दाबलं. एक गोल चक्र फिरलं. अकरा वर्षं जायला चहाचा घोट घेण्याएवढाही वेळ लागला नाही. पडदा पांढरा झाला. त्याला वाटलं होतं, इथे आपण रडू. रडू आलं नाही. नुसते कान बधिर झाल्यासारखे वाटले.

"एक राहिलंय," तितिस म्हणाली. "न पाठवलेल्यांत. मसुदा आहे."

"म्हणजे?"

"लिहायला घेतलं आणि पाठवलं नाही असं. तारीख..." तिने पडद्यावर बोट ठेवलं. तारीख मार्चमधली होती, लास्मिनी दवाखान्यात गेली त्या सकाळची. असं काही असतं हे वार्सितोला ठाऊकच नव्हतं. त्याने तिथे कधी पाहिलं नव्हतं.

तितिसने ते उघडलं.

'पाणबुडी पंप, पान दोन. पंप वर ओढताना दोर हाताला गुंडाळू नका, हे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय. ते पहिलं लिहा. दोर सुटला तर बोटं जातील. शेवटपर्यंत कोण वाचतं? माझ्या पोटात आज जरा'

तिथे ते संपलं होतं.

हलोमोआननी पाणी ओतून पेला वार्सितोकडे सरकवला. वार्सितोने तो हातात धरला, प्यायला नाही. तो पुन्हा वाचत होता. पहिल्यांदा त्याने शेवटची ओळ वाचली होती. आता तो पहिली वाचत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर वेगळीच भीती आली.

"पाक," तो म्हणाला, "हे पत्रक तसंच छापलं गेलं."

"म्हणजे?"

"दोराचं वाक्य शेवटीच राहिलं. त्या दिवसांत मी... मला तिचं उत्तर आलं नाही, म्हणून वाटलं ठीक असेल. चाचणीच्या हौदापाशी लावलंय. नवीन पंपांच्या खोक्यांत जातंय."

हलोमोआन खुर्चीतून अर्धे उठले. "सात महिने?"

"हो, पाक."

"कुणाला लागलंय?"

"अजून नाही. मला माहीत आहे तेवढ्यात नाही."

"मग बसलात काय? बदला. आत्ता. तेवढं वाक्य कंपनीच्या कागदात उतरवून घ्या, आणि मग हेही पुसा."

वार्सितोने वाक्य उतरवलं. सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरांत. पोटाचं उतरवलं नाही. मग त्याने तेही पुसलं आणि दाखवतील तिथे सही केली.

अर्ध्या तासात त्याने नवं पत्रक छापून घेतलं. चाचणीच्या हौदापाशी एक जाडा फिटर पंप वर ओढायच्या तयारीत होता, दोराचे दोन वेढे डाव्या पंज्याला घेऊन. वार्सितोने जुनं पान काढलं, नवं लावलं, कोपरे अंगठ्याने दाबले.

"आता काय नवीन, पाक?" फिटरने विचारलं. "रोज एक कागद."

"वाच."

फिटरने मान वळवून पहिली ओळ वाचली. हातावरचे वेढे सोडले, दोर दोन्ही मुठींत धरला, आणि खालचं काही न वाचता पंप ओढायला लागला.

वार्सितो थोडा वेळ तिथे उभा राहिला. मग उरलेली पानं छातीशी धरून खोकी भरतात तिकडे गेला.